बारनिशीचा कारकून

त्याला चेहरा नाही. एका ओळीत तो सगळा मावतो आणि ती ओळ संपली की पुढच्या ओळीला लागतो. चेन्नईलगत पश्चिम तांबरममध्ये मुडिचूर रोडवर आमचं घर आहे. तिथे कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यावर माझी लहानशी साइट आहे. तंजावरकडची मराठी माणसं घरात जी मराठी बोलतात तिचे शब्द, म्हणी, पाककृती आणि म्हाताऱ्या माणसांच्या आवाजाची थोडी ध्वनिमुद्रणं मी तिथे ठेवत आलो आहे. व्यंकोजीराजांच्या काळापासून तमिळच्या कुशीत वाढलेली ही मराठी. रसवांगी, आंबट भाजी, डांगर पचडी, एकेका पानावर एकेक. या पानांच्या दाराशी तो बसलेला असतो. जो येईल त्याची नोंद करतो. संगणकवाले त्याला ॲक्सेस लॉग म्हणतात. त्याचं आमच्या घरातलं नाव मात्र ताईने ठेवलं.

ताई साताऱ्याला असते. सरकारी कचेरीत तिची निम्मी नोकरी बारनिशीत गेली, म्हणजे आलेलं प्रत्येक पत्र आवक वहीत चढवायचं, क्रमांक टाकायचा आणि ज्या टेबलाचं त्या टेबलाला पाठवायचं. एकदा ती आमच्याकडे आली असताना पडद्यावर सरकणाऱ्या ओळी तिने पाहिल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, ‘अरे, ही तर बारनिशी! तारीख आहे, वेळ आहे, कुठून आलं ते आहे, काय मागितलं ते आहे, निकाल आहे. हा तुझा बारनिशीचा कारकून.’ तेव्हापासून तो कारकूनच.

त्याची एक ओळ नीट वाचून पाहावी. सुरुवातीला पत्ता, चार आकड्यांचा, मध्ये टिंबं. मग वेळ, सेकंदापर्यंत, आणि शेवटी अधिक ०५३०, म्हणजे आपलं घड्याळ जगाच्या घड्याळापेक्षा किती पुढे ते. मग पाहुण्याने मागितलेलं पान. मग तीन आकडी निकाल: २०० म्हणजे दिलं, ३०४ म्हणजे तुझ्याकडे आहे तेच अजून चालतं, ४०४ म्हणजे असं पान इथे नाही, ५०३ म्हणजे आत्ता जमणार नाही. मग किती बाइट दिले त्याचा आकडा. मग पाहुणा कुठल्या पानावरून इथे आला. आणि सगळ्यांत शेवटी, पाहुणा स्वतःला काय म्हणवतो.

लिहिण्याची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राने १९९३च्या सुमाराला जो वेब सर्व्हर बनवला, त्याच्या नोंदींचा साचा पुढे सर्वांनी उचलला. शेवटच्या दोन रकान्यांची भर नंतर पडली. ‘कुठून आला’ या रकान्याच्या इंग्रजी नावात तेव्हा एक ‘आर’ कमी पडला, ती चूक १९९६च्या प्रमाण दस्तऐवजातही तशीच छापली गेली आणि आज जगातला प्रत्येक सर्व्हर तेच चुकीचं स्पेलिंग पाळतो. कचेरीतही असं होतं. एखाद्या कारकुनाने रकान्याला दिलेलं नाव त्याच्या निवृत्तीनंतर कित्येक वर्षं चालू राहतं. ताईला हे सांगितलं तेव्हा तिला ते अगदी ओळखीचं वाटलं.

मराठी मात्र त्याला लिहिता येत नाही. पानाच्या पत्त्यात देवनागरी अक्षर आलं की ते आकड्यांत फोडलेलंच त्याच्यापर्यंत येतं. ‘त’ हे एक अक्षर त्याच्या वहीत टक्का ई-शून्य, टक्का ए-चार, टक्का ए-चार असं उतरतं, म्हणजे नऊ चिन्हं. ‘तांबरम’ या शब्दात काना आणि अनुस्वार धरून सहा चिन्हं आहेत. वहीत त्याची ५४ होतात. इंग्रजी साइटचा लॉग कोणीही उभ्या उभ्या वाचू शकतं. आमचा वाचायचा तर आधी उलगडावा लागतो. पहिले काही महिने मी या आकड्यांच्या रांगा नुसत्या बघत असे. पुढे सवयीने डोळ्यांना कळायला लागलं की ही रांग म्हणजे रसवांगी आणि ती रांग म्हणजे आंबट भाजी.

त्याची एक खोड ताईला कधीच पटली नाही. कचेरीत पत्र आलं की आधी नोंद, मग पुढचं काम. तिथे हा नियम मोडत नाही. हा कारकून उलटं करतो. पाहुणा आला, त्याने मागितलं, त्याला दिलं, तो निघाला, आणि मगच हा लिहितो. कारण निकाल काय लागला आणि किती बाइट गेले हे काम संपल्याशिवाय त्याला ठाऊकच नसतं. ‘म्हणजे आत बसलेल्या माणसाची तुझ्याकडे नोंदच नाही?’ ताईने विचारलं होतं. नाही, मी म्हटलं. गेल्यावरच.

दुसरी खोड वही फाडण्याची. आमच्या संगणकावर मुळातच तशी व्यवस्था आहे की रोज रात्री वही बदलायची आणि १४ वह्या झाल्या की सर्वांत जुनी टाकून द्यायची. जागा पुरावी म्हणून ते ठीकच आहे. पण पंधरवड्यापूर्वी दारात कोण आलं होतं, हे विचारायला गेलं तर कारकुनाकडे उत्तर नसतं. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर आणि सेवा पुरवणाऱ्यांनी लॉग १८० दिवस जपावेत असं म्हटलं आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायलाही सांगितलं. घड्याळ जुळलेलं नसेल तर दोन वह्या शेजारी ठेवून काही कळत नाही, हे बारनिशीत काम केलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

आमची वही साताऱ्याला जायला लागली ती निर्देशांच्या आधीच, आणि पावसामुळे. १ डिसेंबर २०१५ला सकाळी पाऊस लागला आणि चोवीस तासांत तांबरमला ४९ सेंटिमीटर पडला. अड्यार नदीच्या काठची वरदराजपुरम, मुडिचूरकडची वस्ती पाण्यात गेली. त्या वेळी माझा संगणक जमिनीवर होता. शब्दांची आणि ध्वनिमुद्रणांची एक प्रत दुसरीकडे होती म्हणून ती वाचली. कारकुनाची वही गेली. साइट सुरू झाल्यापासून पहिले वाचक कोण, ते कुठून आले, त्यांनी काय शोधलं, ते सगळं त्यात होतं. ध्वनिमुद्रणं गेली असती तर जितकं लागलं असतं तितकं ते लागलं नाही, पण लागलं. म्हणून पुढच्या वर्षी ठरवलं की तांबरमची वही एकट्या तांबरममध्ये ठेवायची नाही. नोंद झाली की ती ओळ त्याच क्षणी घाटावर पोचली पाहिजे.

यासाठी एक जासूद लागतो. लॉग पुढे धाडणारे असे लहान प्रोग्रॅम पुष्कळ आहेत: आरसिसलॉग, फ्लुएंट बिट, फाइलबीट, व्हेक्टर. या सगळ्यांचा पूर्वज सिसलॉग, एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमसाठी केलेला. जासुदाचं काम सोपं दिसतं. तो कारकुनाच्या खांद्यामागे उभा राहतो, नवी ओळ आली की उचलतो आणि निघतो. कसब आहे ते वाटेत. शेवटची पोचवलेली ओळ कुठली, याची खूण त्याला स्वतःजवळ ठेवावी लागते, नाहीतर वाट तुटून पुन्हा जुळली की तो एक तर मधल्या ओळी गाळेल किंवा त्याच ओळी दोनदा पोचवेल. मध्यरात्री वही बदलली हे त्याच्या लक्षात यायला हवं. आणि पोचल्याची पावती घेतल्याशिवाय त्याने खूण पुढे सरकवायची नाही. जुना सिसलॉग अशी पावती मागत नसे. तो ओळ वाऱ्यावर सोडून मोकळा व्हायचा, पोचली तर पोचली. मी पावती घेणारा ठेवला आणि वाट कुलूपबंद केली, कारण वहीत लोकांचे पत्ते असतात आणि ते वाटेत कोणी वाचू नयेत.

तांबरमहून जीएसटी रोडने दक्षिणेला गेलं की गुडुवांचेरीजवळ झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं आवार लागतं. त्यांच्या मॅनेजइंजिन विभागाचं इव्हेंटलॉग ॲनालायझर हेच काम करतं, कंपन्यांच्या ढीगभर यंत्रांच्या वह्या एका जागी आणून लावायचं. त्या रस्त्याने जाताना मला ताईची आठवण येते. ताईकडच्या संगणकावर आमच्या ओळी येऊन पडतात आणि तिथे त्यांची खतावणी होते. तांबरमला कीर्द, साताऱ्याला खतावणी. कीर्दीत जे जसं घडलं तसं वेळेच्या ओळीने येतं, खतावणीत ज्याचं त्याच्या नावाखाली जातं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांतही राजवाड्याच्या रोजच्या जमाखर्चाच्या अशाच ओळी आहेत. ज्याने त्या लिहिल्या त्याला पुढे कोण वाचेल हे ठाऊक नव्हतं. त्याने फक्त लिहायचं काही सोडलं नाही.

मग आमच्या वहीत पाहुणे वाढायला लागले. आधी महिन्याकाठी, मग आठवड्याला, मग रोज. मला आनंद झाला. वाटलं, लोकांना ही मराठी हवी आहे. ताईला फोन करून सांगितलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अरे, यांच्यामागे कोणी येत नाही.’

तिने पकडलं होतं ते असं. माणूस पान उघडतो तेव्हा त्याचा ब्राउझर पानाच्या पाठोपाठ बरंच काही मागतो: रंगरूपाची फाइल, देवनागरीचा फॉन्ट, चित्रं, टॅबवरचं चिमुकलं चिन्ह. एका माणसाच्या मागे वहीत सात-आठ ओळींचं लटांबर येतं. मग शांतता. तो वाचत असतो. दोन-तीन मिनिटांनी पुढचं पान. हे नवे पाहुणे नुसतं पान मागत होते, फॉन्ट नाही, चित्र नाही, आणि लगेच पुढचं, लगेच पुढचं, कोशातल्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. रसवांगी त्यांनी एका सेकंदाच्या आत संपवली होती. ते वाचक नव्हते. मजकूर गोळा करणारे बॉट होते.

त्यांची नावं शेवटच्या रकान्यात असतात. जीपीटीबॉट हे नाव ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर झालं. त्याशिवाय क्लॉडबॉट, परप्लेक्सिटीबॉट, ॲमेझॉनबॉट, बाइटस्पायडर आणि या सर्वांहून जुना सीसीबॉट. पण त्या रकान्यात पाहुण्याने स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेलं असतं. आमच्या शेजारच्या इमारतीत फाटकावर एक अण्णा वही घेऊन बसतात. नाव, घर क्रमांक, वेळ, सही. डिलिव्हरीची मुलं घाईत काहीतरी खरडून आत जातात आणि अण्णा ते तसंच ठेवतात. आमच्या कारकुनाचंही तेच. कोणी ‘मी गुगलबॉट’ म्हणालं तर तो ‘गुगलबॉट’ लिहितो. खरं-खोटं पाहायचं ते खतावणीत. पत्त्यावरून उलट नाव काढायचं, ते गुगलच्याच घराण्याचं आहे का बघायचं, मग त्या नावावरून पुन्हा पत्ता काढायचा आणि दोन्ही जुळतात का पाहायचं. काही कंपन्या आपल्या बॉटांचे पत्ते जाहीर करतात, त्या यादीशी ताडता येतं. आणि जे स्वतःला साधा ब्राउझर म्हणवून येतात पण चालतात बॉटासारखे, त्यांना ओळखायला चालच बघावी लागते. गुगल-एक्स्टेंडेड हे नाव तर वहीत कधीच येत नाही. ती दारावरच्या पाटीपुरती खूण आहे, येणारा येतो नेहमीच्याच नावाने.

दारावरची पाटी म्हणजे रोबोट्स डॉट टीएक्सटी. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४मध्ये ही रीत सुचवली, इथे या, तिथे जाऊ नका असं बॉटांना सांगणारी साधी मजकुराची फाइल. सप्टेंबर २०२२मध्ये तिला आरएफसी ९३०९ म्हणून प्रमाण रूप मिळालं. ती पाटी आहे, कुलूप नाही. मानायची की नाही हे येणाऱ्यावर. पण कारकून पाटीचीही नोंद ठेवतो, कारण पाटी वाचायची तर तीही मागावीच लागते. कोणी आधी पाटी मागितली, वाचली आणि मागे फिरला. कोणी वाचली आणि तरी आत शिरला. कोणी तिच्याकडे पाहिलंच नाही. ताई खतावणीत या तिघांचे रकाने वेगळे करते. माणसाची पारख तिने अशीच केली आहे आयुष्यभर.

लहान साइटला हे किती जड जातं ते आकड्यांनी सांगायला मोठ्यांकडेच जावं लागतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने १ एप्रिल २०२५ला सांगितलं की त्यांच्याकडे सर्वांत महाग पडणाऱ्या रहदारीतली ६५ टक्के बॉटांची आहे, पानं पाहण्यात मात्र बॉटांचा वाटा सुमारे ३५ टक्केच. कारण समजण्यासारखं आहे. माणसं बहुतेक तीच ती गाजलेली पानं बघतात आणि ती जवळच्या साठ्यात तयार असतात. बॉट कोपऱ्यातली, वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली पानंही एका दमात मागतो आणि ती दर वेळी मूळ कोठारातून काढून द्यावी लागतात. आमची तर सगळीच पानं कोपऱ्यातली. बॉटांची रांग लागली की कपाटातला संगणक गरम होतो, निकालाच्या रकान्यात ५०३ उमटायला लागतात, आणि त्या ५०३मध्ये एखादी कुंभकोणमची आजी असते, जिला नातवाला डांगर पचडी दाखवायची होती.

मग सगळ्यांना दार बंद का नाही? १ जुलै २०२५पासून, पुष्कळ साइटांच्या दारावर पहारा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने नव्या साइटसाठी एआय बॉट मुळातच अडवायला सुरुवात केली, आणि ज्यांना पैसे घेऊन आत सोडायचं त्यांच्यासाठी ४०२ हा निकाल वापरात आणला. ‘आधी पैसे भरा’ अशा अर्थाचा हा आकडा वेबच्या नियमांत कितीतरी वर्षं नुसता राखून ठेवलेला होता. मी पुष्कळ विचार केला. तंजावरची मराठी जिथे लिहिलेली आहे अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. या यंत्रांनी ती वाचलीच नाही, तर उद्या कोणी त्यांना आंबट भाजी म्हणजे काय विचारलं की ती दुसऱ्याच कुठल्या मराठीतलं उत्तर देतील. मला ते नको आहे. आणि सगळे बॉट एका जातीचे नाहीत. कोणी शिकवणीसाठी मजकूर गोळा करतो, कोणी शोधाची सूची बनवतो, आणि चॅटजीपीटी-युझर अशा नावाने येणारा कोणा माणसाने त्या घटकेला प्रश्न विचारला म्हणून धावत आलेला असतो. त्या ओळीमागे माणूस आहे. त्याला कसं अडवायचं?

म्हणून आम्ही खतावणी बघून ठरवलं. पाटी वाचून सावकाश येणाऱ्याला सगळा कोश मोकळा. घाई करणाऱ्याला ४२९, म्हणजे जरा थांबून ये. पाटीकडे न बघणाऱ्याला ४०३. ध्वनिमुद्रणं फक्त माणसांना, कारण ज्यांनी माझ्यासमोर बसून आवाज दिला त्यांना मी तेवढंच विचारलं होतं. दर रविवारी ताई आणि मी फोनवर खतावणी वाचतो. ती यादी सांगते, मी नियम बदलतो. वही नसती तर यातला एकही निर्णय मला घेता आला नसता. नुसत्या रागाने सगळं बंद केलं असतं, नाहीतर नुसत्या आनंदाने सगळं उघडं टाकलं असतं.

ताई एक जादा गोष्ट करते, जी तिला कोणी सांगितलेली नाही. संगणकावरच्या खतावणीतून माणसांच्या ओळी वेचून ती रोज एका कागदी वहीत उतरवते. क्रमांक, वेळ, कुठलं पान, किती मिनिटं. पत्ता लिहीत नाही. दिवस संपला की खाली रेघ मारून सही करते, कचेरीत करायची तशी.

ती वही मी डिसेंबर २०२३नंतर प्रथम हातात घेतली. मिचाँग वादळाचा पाऊस ३ तारखेच्या रात्री वाढला आणि ४ला सकाळी मुडिचूर रोडवर पुन्हा पाणी आलं. संगणक २०१५नंतर मी टेबलावर चढवला होता. यूपीएस खालीच राहिला होता. वीज गेल्यावर तो थोडा वेळ पुरला. मग पाणी त्याच्यापर्यंत पोचलं आणि सगळं एका क्षणात बंद पडलं, कारकून, जासूद, बाहेरची वाट. साताऱ्याला ताईने ओळी थांबलेल्या पाहिल्या आणि फोन लावत राहिली. माझा फोन दुसऱ्या दिवशी लागला. तिने आधी आम्ही सगळे वर आहोत ना ते विचारलं. मग म्हणाली, ‘तुझी आवक बंद झाली रे काल.’

पाणी ओसरल्यावर साताऱ्याला पोचलेल्या शेवटच्या ओळी आम्ही मिळून पाहिल्या. बहुतेक एका बॉटाच्या होत्या, कोशाच्या मधल्या कुठल्या तरी अक्षरापर्यंत आलेल्या. त्यांच्यामध्ये एक लटांबर होतं, फॉन्ट, रंगरूप, चिमुकलं चिन्ह, आणि त्याआधी आंबट भाजीचं पान. निकाल २००. मग शांतता, वाचणाऱ्याची असते तशी. पुढची ओळ आलेली नव्हती.

ताईच्या कागदी वहीत ४ डिसेंबरच्या पानावर हा वाचक शेवटचा आहे. त्याच्याखाली तिने पुढचा क्रमांक टाकला आहे, वेळेपासून मिनिटांपर्यंतचे सगळे रकाने मोकळे ठेवले आहेत, आणि मग त्याच्याखाली रेघ मारून सही केली आहे.